अपडेटची फाईल करप्ट नाहीये, कुलपात आहे

परवा भाच्याचा फोन, "मामा, अपडेटची फाईल करप्ट झालीये, एमुलेटर घेतच नाहीये." (एमुलेटर म्हणजे लॅपटॉपवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम.) त्याच्याकडे निन्टेन्डो थ्रीडीएस आहे, २०११ साली आलेला हातातला कन्सोल. स्वतःच्या कार्ट्रिजचा, म्हणजे गेमच्या छोट्या कार्डाचा, डंप (जशीच्या तशी कॉपी) त्याने लॅपटॉपवर घेतला, गेम मस्त चालला, मग कन्सोलचं एसडी कार्ड काढून अपडेटची फाईल सरळ कॉपी केली आणि तिथे गाडी अडली. म्हटलं, करप्ट नाहीये रे, एक बाइटही हललेला नाही. हा गैरसमज इतक्यांचा असतो की नीट लिहूनच टाकतो.

कार्ट्रिजवरचा गेमचा कोड नंतर बदलता येत नाही, म्हणून सुधारलेला कोड एसडी कार्डवर वेगळा बसतो. गेमचा आयडी ०००४०००० ने सुरू होतो, अपडेटचा ०००४०००ई ने, पुढचे आकडे तेच, त्यावरून कन्सोल जोडी जुळवतो.

आता कुलूप. फाईल चावीशिवाय वाचता येऊ नये म्हणून इथे एईएस नावाची एन्क्रिप्शनची पद्धत वापरलीय, म्हणजे आपलं कुलूप, बेल्जियमच्या दोघांनी बनवलेलं आणि अमेरिकेने २००१ मध्ये स्टँडर्ड म्हणून घेतलेलं. पण ते ज्या पद्धतीने वापरलंय ना, काउंटर मोड, त्यावर माझा फार जीव आहे. यात तुमची फाईल एईएसमध्ये जातच नाही! जातो तो नुसता एक नंबर, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि चावी लावून प्रत्येक नंबराचे १६ बाइट बाहेर पडतात, दिसायला अगदी अर्थहीन. हे बाइट फाईलच्या बाइटवर एक्सऑर करायचे, म्हणजे दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १. समजा फाईलमध्ये टिंब आहे, त्याचा कोड ४६, म्हणजे ००१०१११०. एईएसने दिलं ९१, म्हणजे ०१०११०११. एक्सऑर केलं की ०१११०१०१, म्हणजे ११७, टिंब गायब. आता ११७ वर परत तेच ९१ लावा, ४६ हजर. कुलूप लावायची आणि काढायची कृती एकच, आणि पहिले १,६०,००,००० बाइट सोडून पुढचा बाइट हवा असेल तर सुरुवातीपासून उलगडत बसायला नको, नंबर १०,००,००० ने पुढे न्यायचा की झालं. गेमला पुढच्या लेव्हलचा नकाशा झटकन हवा असतो, तिथे हे सोन्यासारखं कामाला येतं.

पण चावी चुकली तर? काहीच तक्रार येत नाही, ९१ च्या जागी दुसरंच काहीतरी येतं आणि कचरा हातात पडतो. म्हणून प्रोग्राम ओळखीची अक्षरं शोधतात, कोडच्या भागात सुरुवातीलाच सहसा "डॉट कोड" असं नाव असतं, ते दिसलं नाही की एरर, आणि आपण म्हणतो करप्ट.

चावीसुद्धा बँकेच्या लॉकरसारखी, दोन लागतात. एक कन्सोलच्या चिपमध्ये, दुसरी फाईलच्याच हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, उघड्यावर, चिप दोन्ही मिसळून खरी चावी करते. भाचा अडला तो याच्याही वरच्या थरावर. एसडी कार्डवर लिहिताना कन्सोल आणखी एकदा कुलूप लावतो, त्याची चावी त्या एकाच कन्सोलची असते, आणि मोजायला सुरुवात कुठल्या नंबरापासून करायची ते फाईलच्या फोल्डर आणि नावावरून ठरतं. म्हणजे फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी उलगडणार नाही. कन्सोल मेला आणि त्याची चावी आधी काढून ठेवली नसेल तर कार्डवरचं असं कुलूप लावलेलं सगळं कायमचं बंद, म्हणून बॅकअप घ्या असं मी कळकळीने सांगतो.

आणि ते "एईएस तोडलं, हा डिक्रिप्टर (कुलूप काढणारा प्रोग्राम) डाउनलोड करा" वाले व्हिडिओ, त्यांच्या नादी लागू नका. १२८ बिटच्या चाव्या २ चा १२८ वा घात इतक्या, सेकंदाला एक लाख कोटी तपासल्या तरी सगळ्या संपायला विश्वाच्या वयाच्या कित्येक कोटी पट वेळ लागेल. थ्रीडीएसच्या चाव्या बाहेर आल्या त्या गणित हरलं म्हणून नाही, कन्सोलच्या स्वतःच्या सिक्युरिटीत भोकं सापडली म्हणून.

मग भाच्याने कार्ड परत कन्सोलमध्ये घातलं, तिथल्या तिथे कन्सोलकडूनच कुलूप काढून घेतलं आणि नवी फाईल लॅपटॉपवर आणली. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, कोडचा भाग उघडला तर पहिलाच बाइट टिंबाचा, म्हणजे आपला ४६, आणि त्याच्या मागोमाग "कोड" ही अक्षरं. फोनवरच ओरडला, "मामा, दिसलं!"