स्वादुपिंडाचा कर्करोग आणि मूलपेशींची कल्पना : पार्श्वभूमी

ठाण्यात कोपरीला राहणाऱ्या माझ्या काकांचे डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा घरात कुणालाही कर्करोगाची शंका आली नाही. पोटात दुखत नव्हते, ताप नव्हता. साधी कावीळ समजून गावठी औषधात तीन आठवडे गेले. पुढे स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शीर्षभागात गाठ दिसली. तिने पित्तनलिका दाबून धरली होती आणि शेजारच्या रक्तवाहिनीला ती चिकटली होती, म्हणून आधी केमोथेरपी आणि मग जमल्यास शस्त्रक्रिया, असे ठरले. गाठ लहान झाली, घरात पेढे आले. सात महिन्यांनी यकृतावर डाग दिसले आणि काकूंनी डॉक्टरांना विचारले, "औषधाने गाठ विरत होती ना? मग हे परत आले कुठून?"

खारघर किंवा परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाबाहेर थोडा वेळ बसले तरी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो. त्याचे एक उत्तर गेल्या काही दशकांत 'कर्करोगाच्या मूलपेशी' या नावाने पुढे आले. ते उत्तर कसे घडत गेले, कुठे टिकले आणि कुठे बदलावे लागले, हे या टिपणात मांडले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. जाहिरातींत दिसणारे 'स्टेम सेल उपचार' किंवा बाळाच्या नाळेतील रक्त साठवून ठेवणाऱ्या बँका यांच्याशी या विषयाचा काहीही संबंध नाही. मूलपेशी म्हणजे जी स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करू शकते आणि जिच्यापासून वेगळ्या, पक्व पेशीही तयार होतात, अशी पेशी. गाठीतल्या काही पेशींमध्ये हे दोन्ही गुण आढळतात, एवढ्याच अर्थाने त्यांना कर्करोगाच्या मूलपेशी म्हणतात. त्या शरीराच्या निरोगी मूलपेशींपासूनच उपजल्या, असा त्याचा अर्थ होत नाही. स्वादुपिंडाच्या बाबतीत तर उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसते की, पाचक रस तयार करणाऱ्या पूर्ण वाढलेल्या पेशीही केआरएएस या जनुकात बिघाड झाल्यावर आपले रूप बदलून कर्करोगाच्या वाटेला लागू शकतात.

कल्पनेचे बीज जुने आहे. गर्भावस्थेतून मागे राहिलेल्या पेशींपासून गाठी होतात, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ युलियस कोनहाइम यांनी १८७० च्या दशकात सुचवले होते. ती मांडणी त्या रूपात टिकली नाही. प्रायोगिक पाया मिळण्यासाठी १९६१ साल उजाडावे लागले. टोरंटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी किरणोत्साराने अस्थिमज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतील पेशी टोचल्या. काही दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर बारीक उंचवटे दिसू लागले आणि प्रत्येक उंचवटा एकेका पेशीपासून वाढला होता, हे पुढे सिद्ध झाले. रक्ताच्या मूलपेशी मोजता येतात, हे त्यातून कळले. १९६४ मध्ये लुईस क्लाइनस्मिथ आणि बॅरी पिअर्स यांनी उंदरातील एका विशिष्ट गाठीची एकच पेशी दुसऱ्या उंदरात घालून दाखवली. त्या एका पेशीपासून पुन्हा गाठ झाली, आणि त्या गाठीत निरनिराळ्या ऊतींच्या, अगदी निरुपद्रवी होऊन बसलेल्या पेशीही होत्या. म्हणजे गाठीतही पिढ्या असतात, आणि त्यातल्या सगळ्याच सारख्या घातक नसतात.

हा विचार माणसाच्या कर्करोगावर प्रथम लागू झाला तो रक्ताच्या कर्करोगात. टोरंटोतीलच जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये एका तीव्र ल्युकेमियाच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत घातल्या. रोग रुजवू शकणारी पेशी सुमारे अडीच लाखांत एक, असा त्यांचा हिशेब निघाला. १९९७ मध्ये डॉमिनिक बॉने आणि डिक यांनी त्या पेशींची क्रमवारी अधिक स्पष्ट केली. त्यानंतर घट्ट गाठींचा क्रम आला. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगात, २००४ मध्ये टोरंटोत मेंदूच्या गाठीत अशा पेशी वेगळ्या केल्या. महाराष्ट्रातील वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी नोंद २००५ ची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगात मूलपेशीसारख्या पेशी असल्याचे दाखवले. हा विषय जगभर नुकताच आकार घेत होता, तेव्हाचे हे काम आहे.

स्वादुपिंडाची पाळी २००७ मध्ये आली, आणि तीही एकाच वर्षी दोन ठिकाणी. मिशिगनमध्ये शल्यचिकित्सक डायान सिमिओन यांच्या गटाने रुग्णांच्या गाठींतील पेशी त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांनुसार निवडल्या. सीडी ४४, सीडी २४ आणि ईएसए ही तिन्ही प्रथिने असलेल्या पेशी एकूण कर्कपेशींच्या ०.२ ते ०.८ टक्केच होत्या; पण त्यांपैकी केवळ १०० पेशी टोचल्यावर निम्म्या उंदरांत गाठ झाली. ही चिन्हे नसलेल्या पेशींच्या तुलनेत गाठ निर्माण करण्याची त्यांची क्षमता सुमारे शंभरपट होती. शिवाय नव्या गाठीत मूळ गाठीसारखेच पेशींचे मिश्रण पुन्हा तयार झाले, आणि माझ्या मते त्या प्रयोगातील हेच सर्वांत बोलके निरीक्षण आहे.

त्याच वर्षी जर्मनीतील क्रिस्टोफर हीशन यांच्या गटाने सीडी १३३ हे चिन्ह असलेल्या पेशींचा अभ्यास केला. जेमसिटाबिन हे १९९६ पासून या रोगावरचे मुख्य औषध होते. या गटाला दिसले की ते बहुतेक कर्कपेशींना मारते, पण सीडी १३३ असलेल्या पेशी मागे उरतात आणि त्यांचे प्रमाण वाढते. त्यातही गाठीच्या पसरत्या कडेला सीएक्ससीआर ४ हे आणखी एक प्रथिन असलेल्या पेशी होत्या. त्या काढून टाकल्या तर गाठ वाढत असे, पण ती इतर अवयवांत पसरत नसे. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा इतक्या थेटपणे हाती येत होते. स्कॅनवर गाठीचा आकार दिसतो. आत कोणत्या पेशी उरल्या आहेत, ते दिसत नाही.

भातशेतीत लव्हाळा माजतो तेव्हा वरची पाती कितीही खुरपली तरी जमिनीतल्या गाठींपासून तो पुन्हा फुटतो. मूलपेशींची कल्पना समजावताना हे उदाहरण चपखल वाटते, आणि २००७ च्या सुमारास बहुतेक संशोधक साधारण असाच विचार करत होते: वरची पाती सोडा, खालची गाठ शोधा, तिच्यावर औषध करा. हे चित्र अपुरे आहे, हे मात्र पुढच्या काही वर्षांतच दिसून आले.

पहिला धक्का त्वचेच्या मेलॅनोमातून बसला. मिशिगनमध्येच शॉन मॉरिसन यांच्या गटाने २००८ मध्ये अधिक दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरले आणि प्रयोगाची पद्धत सुधारली, तेव्हा जवळपास दर चार पेशींमागे एक पेशी गाठ निर्माण करू शकली. म्हणजे आधी दिसलेली दुर्मीळता काही प्रमाणात उंदराच्या शरीराने घडवलेली होती. हाच आक्षेप स्वादुपिंडाला लागू होतो का, हे २०१० मध्ये तपासले गेले. त्याच प्रकारच्या उंदरांतही स्वादुपिंडाच्या गाठी निर्माण करणाऱ्या पेशी दुर्मीळच आढळल्या. या अवयवापुरती कल्पना त्या कसोटीला उतरली.

दुसरा धक्का अधिक खोल होता. २००८ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने स्तनाच्या पेशींवर दाखवले की, एकमेकींना घट्ट चिकटून राहणारी पेशी जेव्हा ते बंध सोडून भटकी होते, तेव्हा तिच्यात मूलपेशीचे गुण येतात. म्हणजे साधी कर्कपेशीही परिस्थितीनुसार मूलपेशीसारखी होऊ शकते आणि पुन्हा साधी होऊ शकते. लव्हाळ्याचे उदाहरण इथे मोडते. कारण इथे तुटलेले पातेही पुन्हा मुळाचे काम करू शकते. तेव्हापासून 'मूलपेशी कोणती' या प्रश्नापेक्षा 'पेशी कोणत्या परिस्थितीत मूलपेशीसारखी वागते' हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

स्वादुपिंडात ही परिस्थिती विलक्षण आहे. इथल्या गाठीचा मोठा भाग, अनेकदा निम्म्याहून बराच जास्त, कर्कपेशींचा नसतोच. तो तंतुमय ऊती, हे तंतू तयार करणाऱ्या तारकापेशी आणि रोगप्रतिकारक पेशींचा असतो. गाठ हाताला दगडासारखी लागते ती यामुळे. तारकापेशींकडून येणारे संदेश कर्कपेशींमधील मूलपेशीचे गुण जोपासतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मग हे आवरणच फोडावे, हा विचार ओघाने आला. २००९ मध्ये उंदरांत हेजहॉग नावाची संदेशसाखळी, म्हणजे पेशीपेशींतील निरोप पोहोचवणारी प्रथिनांची साखळी, रोखून आवरण विरळ केले, तेव्हा जेमसिटाबिन गाठीत अधिक पोहोचले आणि उंदीर काहीसे जास्त जगले. आशा मोठी होती. माणसांवरील चाचणीत मात्र अशाच औषधाच्या गटातील रुग्णांची स्थिती उलट वाईट झाली आणि २०१२ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. २०१४ मध्ये दोन गटांनी उंदरांत त्याचे कारण दाखवले: आवरण कमी केल्यावर गाठी अधिक आक्रमक आणि अपक्व झाल्या. ज्याला आपण कर्करोगाची ढाल समजत होतो, ते काही अंशी शरीराने घातलेले कुंपणही होते. हा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते या टप्प्याने, कारण त्या चाचणीत सामील झालेले प्रत्येक माणूस कुणाचे तरी काका होते.

मूलपेशींच्या संदेशसाखळ्यांवर थेट नेम धरणारी औषधेही आतापर्यंत यशस्वी झालेली नाहीत. नॉच ही साखळी रोखणारी औषधे रुग्णांवरील चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यात अपयशी ठरली. मूलपेशीरोधक म्हणून गाजलेल्या नापाबुकासिनची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०१९ मध्ये, लाभाची शक्यता न उरल्याने, बंद झाली. रुग्णांचे आयुष्य प्रत्यक्ष वाढले ते जुन्याच प्रकारच्या औषधांच्या नव्या मिश्रणांनी. २०११ मध्ये फ्रान्समधील चाचणीत चार औषधांच्या फोल्फिरिनॉक्स या मिश्रणाने पसरलेल्या रोगातील मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेले. शस्त्रक्रियेनंतर त्याचेच सुधारित रूप दिल्यावर ते ३५ वरून ५४ महिन्यांवर गेल्याचे २०१८ मध्ये दिसले. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असते ती मात्र पाचांपैकी जेमतेम एका रुग्णात.

आणि शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आल्या, तरी रोग परत का येतो? २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बेन स्टँगर यांच्या गटाने उंदरांच्या स्वादुपिंडातील पेशींना चमकणारी खूण केली. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग म्हणता येईल अशी गाठ दिसण्याआधीच त्यातल्या काही पेशी रक्तात आणि यकृतात पोहोचल्या होत्या, आणि त्या भटक्या पेशींत मूलपेशीचे गुण होते. यकृतावरचे डाग उशिरा दिसतात. प्रवास कधीचाच सुरू झालेला असू शकतो.

आता सर्वांचे लक्ष केआरएएसवर आहे. या कर्करोगाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत हे जनुक बिघडलेले असते. चार दशके ते औषधाच्या आवाक्याबाहेर मानले जाई. २०२१ मध्ये त्याच्या एका प्रकारावर, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी, पहिले औषध मान्य झाले आणि स्वादुपिंडात आढळणाऱ्या इतर प्रकारांवरच्या औषधांच्या चाचण्या सुरू झाल्या. या संदर्भात २०१४ चा टेक्सासमधील एक प्रयोग महत्त्वाचा आहे. उंदरांत केआरएएस पूर्ण बंद केल्यावर गाठी विरून गेल्या. पण थोड्या पेशी निद्रिस्त राहिल्या, त्यांच्यात मूलपेशीचे गुण होते, आणि जनुक पुन्हा चालू करताच गाठी परतल्या. त्या पेशी ऊर्जेसाठी इतर कर्कपेशींपेक्षा मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांवर, जास्त अवलंबून होत्या. तो मार्ग रोखल्यावर पुनरागमन कमी झाले. म्हणून नव्या औषधाने गाठ आक्रसली, एवढे पाहून संशोधक थांबत नाहीत; मागे उरलेल्या पेशी कशावर तग धरतात, हे शोधून दुसरे औषध सोबत देण्याच्या वाटा तपासल्या जात आहेत. काकूंचा प्रश्न आज प्रयोगशाळेत या रूपात विचारला जातो.