अमेरिकेतील घटस्फोटाचा निकाल: काउंटी न्यायालयातून प्रमाणित प्रत मिळवताना अर्ज कुठे अडतात

अमेरिकेत घटस्फोट होऊन काही काळ उलटल्यावर त्या निकालाचा कागद अचानक लागतो. सशर्त ग्रीन कार्डावरची अट काढायची असते, नागरिकत्वाचा अर्ज भरायचा असतो, पुण्यात दुसऱ्या लग्नाची नोटीस द्यायची असते किंवा पासपोर्टवरचे जोडीदाराचे नाव काढायचे असते. घरातली फाइल उघडून वकिलाने दिलेली प्रत अर्जाला जोडली जाते आणि काही आठवड्यांनी अर्ज परत येतो. सोबत एकच ओळ असते: अंतिम निकालाची प्रमाणित प्रत जोडावी. ती प्रत कुठे मिळते आणि हातातल्या कागदात काय उणे आहे, हे त्या ओळीत नसते. कॅलिफोर्नियातील मराठी मंडळींचे असे परत आलेले अर्ज मी बरेच पाहिले आहेत, म्हणून पुढील माहिती मुख्यतः त्या राज्याची आहे. इतर राज्यांची पद्धत जिथे वेगळी आहे तिथे तसे नमूद केले आहे.

अमेरिकेत घटस्फोट राज्याचे न्यायालय देते आणि त्याची फाइल ज्या काउंटीत, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागात, दावा दाखल झाला त्या काउंटीच्या न्यायालयात राहते. लग्न कुठे झाले, आपण आज कुठे राहतो, पूर्वीचा जोडीदार कुठे गेला, याचा तिच्याशी संबंध नसतो. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचे सुपीरियर कोर्ट स्वतःचे दफ्तर सांभाळते. इथे पहिली चूक शहर आणि काउंटी यांच्या गल्लतीतून होते. सनीवेल आणि क्युपर्टिनो सांता क्लारा काउंटीत येतात, तर अर्ध्या तासावरचे फ्रीमाँट अलामिडा काउंटीत येते. शिवाय पती-पत्नींपैकी कोणीही एक तीन महिने ज्या काउंटीत राहिला असेल तिथे दावा दाखल करता येतो. त्यामुळे आपण सनीवेलला राहत असलो तरी दावा जोडीदाराने त्याच्या काउंटीत लावलेला असू शकतो. जुन्या पत्रव्यवहारातले एखादे पान सापडले तर त्याच्या वरच्या भागात काउंटीचे नाव आणि केस नंबर असतो. इतर काही शोधण्याआधी ते पान शोधावे. टेक्सासमध्ये आणखी एक फाटा फुटतो. तिथे लग्नाचा परवाना काउंटी क्लार्क देतो, मात्र घटस्फोटाची फाइल डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असते, आणि चुकीच्या खिडकीवर गेलेल्या माणसाला ‘आमच्याकडे नोंद नाही’ एवढेच उत्तर मिळते. त्यावरून नोंदच नाही असा समज करून घेऊ नये.

दुसरी चूक म्हणजे राज्याच्या आरोग्य खात्याकडे ‘डिव्होर्स सर्टिफिकेट’ मागणे. जन्माचा दाखला तिथे मिळतो, म्हणून घटस्फोटाचाही मिळेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे केवळ १९६२ ते जून १९८४ या काळातील घटस्फोटांची माहिती आहे, आणि तेही पक्षकारांची नावे, काउंटी व केस नंबर यांसारख्या मोजक्या बाबी असलेले नोंदपत्र देते, निकाल देत नाही. टेक्सासचे राज्य कार्यालय १९६८ पासूनच्या घटस्फोटांबाबत पडताळणीचे पत्र देते. त्यालाही न्यायालयाच्या निकालाचे स्थान नाही. ही पत्रे काउंटी शोधून काढायला उपयोगी पडतात. जिथे ‘फायनल डिक्री’, म्हणजे अंतिम निकाल, मागितली आहे तिथे मात्र न्यायालयाचा निकालच लागतो.

कॅलिफोर्नियात हा निकाल एफएल-१८० या छापील फॉर्मवर असतो आणि मागे कराराची पाने जोडलेली असतात. त्याचे पहिले पान नीट वाचणे हा या साऱ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण लोक उजव्या कोपऱ्यातला ‘फाइल्ड’ शिक्का पाहतात आणि तीच घटस्फोटाची तारीख धरतात. वैवाहिक नाते कोणत्या दिवशी संपले ती तारीख वेगळी असते. पक्षकारांच्या नावांखालच्या चौकटीत, निकालाच्या प्रकारांपुढच्या चौकोनांजवळ, ती स्वतंत्र ओळीत लिहिलेली असते आणि खाली चौथ्या मुद्द्यात पुन्हा येते. निकालावर मार्चमध्ये शिक्का पडला असेल आणि नाते जूनमध्ये संपणार असेल, तर मधल्या तीन महिन्यांत केलेले दुसरे लग्न कायद्याने टिकत नाही. एच-४ व्हिसावर असलेल्या व्यक्तीसाठीही हीच तारीख निर्णायक असते, कारण जोडीदाराच्या आधारावरचा तो दर्जा घटस्फोट पूर्ण होताच संपतो.

याच तारखेशी सहा महिन्यांचा गैरसमज जोडलेला आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. कॅलिफोर्नियात घटस्फोटाला किमान सहा महिने लागतात, हे प्रत्येकाने ऐकलेले असते. ते सहा महिने दावा दाखल केल्यापासून मोजले जात नाहीत. समोरच्या पक्षाला कागद रीतसर बजावले गेले किंवा तो पक्ष न्यायालयात हजर झाला, त्या दिवसापासून ते मोजतात. एफएल-१८० च्या तिसऱ्या मुद्द्यात हा दिवस नोंदलेला असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सहा महिने उलटले म्हणून घटस्फोट आपोआप होत नाही. शेवटचे कागद सादर करून न्यायाधीशांची सही झाल्याशिवाय आणि निकाल नोंदला गेल्याशिवाय लग्न कायम राहते. दोघांनी करारावर सह्या केल्या, घर वाटून घेतले, वेगवेगळ्या गावी गेले आणि शेवटचा संच कोणीच दाखल केला नाही, अशा फायली काउंटरवर उघडल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा पाहवत नाही. त्याच्या लेखी आठ वर्षांपूर्वी संपलेले लग्न दफ्तरात चालूच असते. अशा वेळी नवी प्रत मागण्यात अर्थ नसतो. राहिलेले कागद आता दाखल करता येतील का, यासाठी न्यायालयाच्या सेल्फ-हेल्प केंद्रात जावे. ते केंद्र विनामूल्य आहे आणि मराठी मंडळी तिथे विनाकारण संकोचाने जात नाहीत.

याच्या उलट, एका फाइलमध्ये दोन निकालही असू शकतात. पहिल्याने केवळ वैवाहिक नाते संपवलेले असते आणि मालमत्ता, पोटगी वगैरे राखून ठेवलेले मुद्दे दुसऱ्याने निकाली काढलेले असतात. ‘माझा निकाल द्या’ एवढेच सांगितले तर क्लार्क शेवटचा देतो, ज्यात नाते संपल्याची तारीख ठळकपणे येईलच असे नाही. म्हणून मागणी करताना ‘नाते संपल्याची तारीख असलेला निकाल, सर्व जोडपत्रांसह’ असे लिहावे.

आता शोधाबद्दल. केस नंबर असेल तर काम सोपे असते. नसेल तर नावाने शोधावे लागते आणि आपली नावे तिथे अडतात. मराठी पद्धतीत मधले नाव लग्नाआधी वडिलांचे आणि लग्नानंतर पतीचे असते. एकाच बाईच्या पासपोर्टवर एक मधले नाव, नोकरीच्या कागदांवर दुसरे आणि दाव्यात तिसऱ्याच रीतीने लिहिलेले, असे सर्रास आढळते. कधी वडिलांचे किंवा पतीचे नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसते. वाघ किंवा वैद्य यांच्या स्पेलिंगमध्ये व्ही आहे की डब्ल्यू, यावरही नोंद सापडणे अवलंबून असते. म्हणून विनंती-अर्जात दोन्ही पक्षांची सर्व नावे, सर्व स्पेलिंगे आणि दाव्याचे अंदाजे वर्ष द्यावे, आणि जोडीदाराच्या नावाने शोध घेण्याची विनंती आवर्जून करावी. अनेकदा फाइल त्याच नावाखाली सापडते. दहा मिनिटांपेक्षा जास्त लागणाऱ्या शोधासाठी न्यायालय १५ डॉलर शुल्क घेते. वेबसाइटवर फाइल दिसत नाही याने घाबरून जाऊ नये. कौटुंबिक प्रकरणांचे कागद सर्वसामान्य जनतेला इंटरनेटवरून पाहू देण्यास कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांनी मनाई केलेली आहे. ते न्यायालयात जाऊनच पाहता येतात.

घटस्फोटाच्या निकालाच्या प्रमाणित प्रतीचे शुल्क १५ डॉलर आहे, तर साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट पडतात. प्रत्यक्ष जाणाऱ्याने ओळखपत्र, केस नंबर आणि पैसे एवढे न्यावे. टपालाने मागवणाऱ्यांची अडचण अशी की पाने किती हे आधी कळत नाही आणि कमी रकमेचा चेक पाठवला तर सगळे पाकीट परत येते. त्यावर उपाय असा की चेकवर रकमेचा आकडा न लिहिता ‘अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही’ अशी मर्यादा लिहावी. क्लार्क नेमकी रक्कम भरून घेतो. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले मोठे पाकीट ठेवावे. हे पाकीट नसल्यामुळे कित्येक प्रती तयार होऊनही तिथेच पडून राहतात.

भारतीय सवयीतून येणारी एक चूक इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून ‘ट्रू कॉपी’ करण्याची रीत आहे. कॅलिफोर्नियातील नोटरीला न्यायालयाच्या कागदाची प्रत खरी असल्याचे प्रमाणित करण्याचा अधिकार नाही, आणि तसा शिक्का मारून आणलेली प्रत प्रमाणित ठरत नाही. वकिलाकडच्या प्रतीवर ‘फाइल्ड’चा शिक्का असतो, पण क्लार्कची सही आणि न्यायालयाची मोहोर असलेला प्रमाणपत्राचा मजकूर नसतो. प्रमाणित प्रत ओळखायची ती या मजकुरावरून. ती हाती आली की तिचा स्टेपल स्कॅन करण्यासाठीसुद्धा काढू नये. पाने सुटी झालेली प्रत पुढच्या कार्यालयात संशयास्पद ठरते.

प्रत भारतात वापरायची असेल तर तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात वापरायच्या कागदाचा खरेपणा सांगणारे सरकारी प्रमाणपत्र, लागते. अपोस्टिलचा १९६१ चा हेग करार भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे. ज्या राज्याच्या न्यायालयाची प्रत आहे त्याच राज्याच्या अधिकाऱ्याकडून अपोस्टिल घ्यावे लागते: कॅलिफोर्नियात सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, २० डॉलर शुल्क भरून, तर न्यू जर्सीत ट्रेझरी खात्याकडून. टेक्सासचा निकाल कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, पाठवून महिना घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

मात्र अपोस्टिल कागदाचा खरेपणा सांगते, भारतात तो निकाल मान्य होईल याची हमी देत नाही. परदेशी निकाल भारतात कधी मानायचा हे ठरवणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा निकाल इथे लागू होतो. त्या प्रकरणात पतीने मिसूरीतील सेंट लुईस काउंटीच्या न्यायालयातून घटस्फोट आणला होता आणि लग्न तिरुपतीला हिंदू पद्धतीने झाले होते. न्यायालयाने तो निकाल मानला नाही, कारण तो हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या आधारावर दिला होता आणि पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार स्वीकारलेला नव्हता. दोघांनी हजर राहून संमतीने घेतलेल्या निकालाला सहसा अशी अडचण येत नाही. एकतर्फी निकाल असेल तर भारतात दुसरे लग्न करण्याआधी तिथल्या वकिलाचा सल्ला घ्यावाच.

म्हणूनच नव्याने दावा दाखल करणाऱ्यांनी बजावणीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. कॅलिफोर्नियात दोघांपैकी एकाचे राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन महिने वास्तव्य लागते. दाखल करण्याचे शुल्क ४३५ डॉलर असून काही काउंट्यांत ४५० पर्यंत जाते, आणि उत्पन्न कमी असल्यास एफडब्ल्यू-००१ हा फॉर्म भरून माफी मागता येते. लग्नाचा दाखला जोडावा लागत नाही. मंगल कार्यालयात झालेल्या लग्नाची कधी नोंदणीच केली नाही म्हणून गावाकडून दाखला मिळवण्यात सहा महिने घालवू नयेत. फॉर्मवर लग्नाची तारीख बरोबर लिहिली की पुरते. परंतु जोडीदार महाराष्ट्रात असेल आणि स्वतःहून उत्तर दाखल करायला तयार नसेल, तर कुरियर किंवा व्हॉट्सअ‍ॅपने कागद पाठवून भागत नाही. हेग बजावणी करारात सामील होताना भारताने परस्पर टपालाने बजावणी करण्यास हरकत नोंदवली आहे, त्यामुळे कागद दिल्लीतील विधी मंत्रालयामार्फत जावे लागतात. त्याला अनेक महिने लागतात, पण इथे घेतलेला आडमार्ग पुढे सगळा निकालच अडचणीत आणतो.

निकालाच्या संचासोबत एफएल-१९० ही नोंद झाल्याची सूचना आणि दोन्ही पक्षांच्या पत्त्यांची, तिकिटे लावलेली पाकिटे द्यावी लागतात. पाकिटावरचा पत्ता जुना असेल तर सूचना पोहोचत नाही आणि निकाल झाल्याचे कळतच नाही. माहेरचे नाव परत हवे असेल तर ते याच वेळी मागावे आणि वडिलांच्या नावासह पूर्ण लिहावे. केवळ आडनाव लिहिले की मधले पतीचे नाव तसेच राहते आणि सोशल सिक्युरिटी कार्यालय निकालात जसे आहे तसेच नाव देते. निकालात ही मागणी करायची राहिली असेल तर एफएल-३९५ या अर्जाने त्याच केस नंबरखाली, त्याच काउंटीत, नंतरही ती करता येते.

न्यूयॉर्कचा निकाल असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे घटस्फोटाची फाइल काउंटी क्लार्ककडे असते आणि ती केवळ पक्षकार किंवा त्यांचे वकील यांनाच पाहता येते. भारतात परतलेल्यांनी तिथल्या भावाला किंवा मैत्रिणीला नुसते पाठवून उपयोग होत नाही. नोटरीसमोर सही केलेले अधिकारपत्र आधी पाठवावे, आणि काउंटी ठरवताना हे ध्यानात ठेवावे की ब्रुकलिनची काउंटी किंग्ज या नावाने ओळखली जाते, तर मॅनहॅटनची न्यूयॉर्क काउंटी म्हणून.