बायका जात्याच देवभोळ्या? आकडे तसं सांगत नाहीत

‘बाई म्हटली की देवभोळी, नास्तिकपणा हा पुरुषी मामला,’ हे इतक्या वेळा ऐकवलं जातं की खरंच वाटू लागतं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्वेक्षण संस्थेने 2016 साली जगभरातली आकडेवारी मांडली. कुठला तरी धर्म सांगणाऱ्या स्त्रिया 83.4 टक्के, पुरुष 79.9 टक्के. फरक आहे, पण केवढासा!

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो सगळीकडे सारखा नाही. चर्चमध्ये नियमाने जाण्यात ख्रिस्ती बायका पुढे, तर मशिदीत नियमाने जाण्यात मुस्लिम पुरुष. कारण उघड आहे: शुक्रवारची सामूहिक नमाज पुरुषांवर बंधनकारक मानली जाते, स्त्रियांवर नाही. ओढ उपजत असती तर धर्म बदलला की पारडं फिरलं नसतं.

आपल्याकडे काय? नवऱ्याच्या आयुष्यासाठी वटसावित्रीचा उपास बाईनेच करायचा, आणि शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढायला मात्र तिला एप्रिल 2016 उजाडावं लागलं. कामं आपणच वाटून द्यायची आणि मग तो तिचा स्वभाव म्हणायचं, हा सरळ अन्याय आहे.

आणि नास्तिक बायका नसतात असंही नाही. आंध्रातल्या सरस्वती गोरा गरोदर असताना ग्रहण बघायला उघड्यावर आल्या; गर्भाला दोष लागेल ही भीती त्यांनी झुगारली. पुढे 1940 मध्ये पती गोरा यांच्यासोबत त्यांनी नास्तिक केंद्र उभारलं. तेच पुढे विजयवाड्यात आलं.