नायट्रॉक्ससाठी सिलिंडर आणण्यापूर्वी

नायट्रॉक्स म्हणजे साध्या हवेपेक्षा ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असलेलं, पाण्याखाली श्वासासाठी वापरायचं मिश्रण. ते करताना आम्ही आधी शुद्ध ऑक्सिजन भरतो आणि त्यावर गाळलेली हवा चढवतो. रिकाम्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला ३२ टक्के ऑक्सिजन हवा असेल, तर पहिले २८ बार निव्वळ ऑक्सिजन जातो. ३६ टक्क्यांसाठी ३८ बार. तयार मिश्रण सौम्य असलं तरी तुमचा व्हॉल्व्ह तेवढा वेळ शुद्ध ऑक्सिजन झेलत असतो. त्यामुळे ‘४० टक्क्यांच्या आत ऑक्सिजन-सफाई (आतलं तेल-ग्रीस काढणं) लागत नाही’ हा युक्तिवाद आमच्याकडे चालत नाही.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तेलाचा ओशट थर किंवा साधं सिलिकॉन ग्रीस त्यात भडकतं. ठिणगीचीही गरज नसते. व्हॉल्व्ह झटकन उघडला की वायू बंद टोकाला आपटून दाबला जातो आणि तापतो. तेवढी उष्णता पुरते. म्हणून मिनिटाला चार-पाच बारपेक्षा जास्त वेगाने आम्ही ऑक्सिजन सोडत नाही. २८ बारला सहा-सात मिनिटं जातातच. घाई असेल तर सिलिंडर आदल्या संध्याकाळी आणून ठेवा.

हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीची) मुदत संपलेले आणि ६३५१ मिश्रधातूचे जुने ॲल्युमिनियम सिलिंडर आम्ही परत पाठवतो. मधल्या काळात दुसरीकडे साधी हवा भरली असेल तर ते आवर्जून सांगा. त्या कॉम्प्रेसरची तेलाची वाफ आत गेली असू शकते, मग सफाईचं स्टिकर असून नसल्यासारखं. सिलिंडर पुन्हा धुऊन, व्हायटॉन रबराच्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या कड्या) आणि ऑक्सिजनला चालणारं ग्रीस घालूनच भरावा लागतो. व्हॉल्व्ह जड फिरतो म्हणून खोबरेल तेलाचं बोट लावणारेही भेटतात. कृपया लावू नका.

नेताना मिश्रण स्वतः मोजा. ॲनालायझर आधी हवेवर २०.९ला लावा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंचित उघडा. जोराच्या झोताने आकडा चुकतो. आकडा स्थिरावला की टक्केवारी, कमाल खोली, तारीख आणि नाव पट्टीवर लिहून वहीत सही करा. श्वासातल्या ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या (मिश्रणातल्या एकट्या ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब) १.४ बार मर्यादेने ३२ टक्क्यांना ३३ मीटर, ३६ टक्क्यांना २८ मीटर. त्याखाली ऑक्सिजनमुळे पाण्यातच झटके येण्याचा धोका वाढतो, आणि अनेकदा आधी काही जाणवतही नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ डाइव्हला साधी हवा पुरते. तिथे नायट्रॉक्सवर पैसे घालवू नका. आंग्रिया बँकेवर (खोल समुद्रातल्या प्रवाळाच्या बुडालेल्या पठारावर) दिवसाला तीन-चार डाइव्ह असतील तर त्याचा खरा उपयोग.