सर्वेक्षणात दात तपासायला एक्झामिनर म्हणून जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि कॅलिब्रेशनची भानगड

राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणासाठी डेंटिस्ट पाहिजेत अशी जाहिरात निघाली की ग्रुपवर दोनच प्रश्न फिरतात, फॉर्म कुठाय आणि कागदपत्रं काय लागतात. विचारायलाच पाहिजे, पण खरं सांगू का, फॉर्म हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. गाडी अडते ती कॅलिब्रेशनला, म्हणजे सगळ्या एक्झामिनरची नजर एकसारखी करून घेण्याला, आणि तिथे पंधरा-पंधरा वर्षं प्रॅक्टिस केलेली माणसंही घरी परत जातात. म्हणून कागदपत्रांचं आधी पटकन उरकतो.

पात्रता म्हणजे दंतवैद्यकाची डिग्री आणि चालू रजिस्ट्रेशन. चालू म्हणजे खरंच चालू, रिन्युअलची पावती पुढे करून भागत नाही, कारण उद्या कुणी हरकत घेतली तर त्या माणसाने केलेल्या सगळ्या तपासण्या वादात जातात. काही सर्वेक्षणांत हायजिनिस्टही (दात-हिरड्यांच्या सफाईचं प्रशिक्षण घेतलेले) चालतात, अमेरिकेच्या एनहेन्स या राष्ट्रीय आरोग्य-पोषण सर्वेक्षणात २००९-१० च्या फेरीत हिरड्यांची तपासणी हायजिनिस्टनीच केली होती, तेव्हा जाहिरात नीट वाचा. दुसरी अट लोक वाचतच नाहीत, ती म्हणजे पूर्ण मुदतभर उपलब्ध असणं. अर्ध्यात सोडलंत तर तुमच्या जागी येणाऱ्याला पहिल्यापासून कॅलिब्रेट करावं लागतं, आणि आधीचा डेटा एका नजरेचा नि नंतरचा दुसऱ्या नजरेचा असा प्रकार होतो. महिनाभराने लग्नाला जायचं असेल तर आत्ताच सांगा.

कागदपत्रं साधारण अशी मागतात: डिग्री, रजिस्ट्रेशन, ओळखपत्र, हेपॅटायटिस बी लसीचा दाखला, आणि माहिती गुप्त ठेवण्याच्या हमीपत्रावर सही. लहान मुलं तपासायची असतील तर चारित्र्य पडताळणीही मागू शकतात. जास्तीचं काही असेल तर ते जाहिरातीतच असतं आणि तेच फायनल. टीमकडे वेगळी फाइल असते, एथिक्स कमिटीची मंजुरी, प्रोटोकॉल, एक्झामिनर मॅन्युअल, कन्सेंट फॉर्म. पहिल्याच दिवशी ती फाइल बघायला मागा, लाजू नका. मुलांच्या बाबतीत पालकांची सही लागते, शिवाय मुलाला स्वतःला विचारायचं असतं, आणि मुख्याध्यापकांनी "करा हो, काही हरकत नाही" म्हटलं म्हणजे कन्सेंट झाला असं होत नाही.

आता मुद्द्याचं. जागतिक आरोग्य संघटनेचं दंत सर्वेक्षणाचं एक मॅन्युअल आहे, पहिली आवृत्ती १९७१ ची आणि पाचवी २०१३ ची, बऱ्याच देशांची सर्वेक्षणं त्याच्या पद्धतीने चालतात. त्यात साफ सांगितलंय की कॅलिब्रेशन सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना कल्पना द्या, की ठरलेल्या पद्धतीने तपासता येणं न येणं हा तुमच्या डॉक्टरकीचा निकाल नाही. हे वाक्य माझ्या मते फॉर्मच्या वर मोठ्या अक्षरात छापलं पाहिजे. कारण क्लिनिकमध्ये आपण शंका आली की जपून वागतो, दाढेच्या खाचेत काळं दिसलं की म्हणतो कीड लागतेय, लक्ष ठेवू, नाहीतर फिलिंग करून टाकू. सर्वेक्षणात बरोब्बर उलटं, शंका असेल तर कीड लिहायचीच नाही. नुसता डाग पडलेली खाच, खडूसारखा पांढरा ठिपका, रंग बदललाय पण प्रोब (तपासायची बारीक सळई) लावल्यावर मऊ लागत नाही असा खडबडीत भाग, हे सगळं निरोगी, म्हणजे नोंदीचा आकडा, कोड, शून्य. हात शिवशिवतो तो किडीचा कोड द्यायला, पण द्यायचा शून्यच. मी स्वतः पहिल्या वेळी इथेच मार खाल्ला, काळी खाच दिसली की तोंडातून आपोआप "एक" निघायचं, एक म्हणजे कीड, आणि ट्रेनर दर वेळी शांतपणे विचारायचे, मऊ लागलं का? नाही लागलं ना, मग एक कुठून आला?

म्हणजे तुम्हाला काय दिसतं हा प्रश्नच नाहीये, मॅन्युअलच्या डोळ्यांनी काय दिसतं हा प्रश्न आहे, आणि तेच बाकीच्या एक्झामिनरना दिसलं पाहिजे. नाहीतर एका भागात कीड जास्त आणि दुसऱ्या भागात कमी असा रिपोर्ट येतो, लोक गोड खाण्यावर नि पाण्यावर भाषणं ठोकतात, आणि खरा फरक असतो तो दोन डॉक्टरांच्या नजरेतला.

प्रत्यक्षात होतं काय तर आधी दहा-एक माणसांवर सराव, मग वीस किंवा जास्त माणसांचा एक गट, त्यात मुद्दाम सगळ्या तऱ्हेचे दात असलेली माणसं निवडलेली, आणि प्रत्येक एक्झामिनरने तोच गट स्वतंत्रपणे तपासायचा, एकमेकांना विचारायचं नाही. मग आकडे समोरासमोर ठेवतात, फरक पडला त्या माणसाला परत खुर्चीत बसवून चर्चा होते. कुणाचे आकडे सतत वेगळेच येत राहिले तर त्याला थांबवतात. एकटाच एक्झामिनर असेल तर त्याने पंचवीसेक माणसं दोनदा तपासायची, शक्यतो लागोपाठच्या दोन दिवशी, आणि स्वतःचं स्वतःशी जुळतंय का ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं, आपलंच आपल्याशी जुळत नाही तेव्हा कळतं.

जुळलं की नाही हे मोजतात कसं, इथे खूप जण फसतात. समजा शंभर दात आहेत, नव्वदवर तुम्ही आणि दुसरा एक्झामिनर दोघंही निरोगी म्हणालात, दोनवर दोघंही कीड म्हणालात, चार दातांवर फक्त तुम्हाला कीड दिसली आणि दुसऱ्या चारवर फक्त समोरच्याला. ९२ टक्के जुळलं, पार्टी! पण मुळात बहुतेक दात निरोगीच आहेत, म्हणजे दोघांनी तेवढेच कीड नि तेवढेच निरोगी कोड डोळे मिटून वाटले असते तरी योगायोगानेच ८९ टक्क्यांच्या आसपास जुळलं असतं. हा योगायोग वजा करून जो आकडा राहतो त्याला कप्पा म्हणतात, कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला, आणि वरच्या उदाहरणात तो येतो फक्त ०.२९. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या कोष्टकात ०.६१ ते ०.८० म्हणजे चांगलं आणि ०.८१ च्या वर म्हणजे जवळपास पूर्ण एकमत, त्या मानाने ०.२९ म्हणजे परत सरावाला बसा. नुसते टक्के दाखवून कुणी पास करत असेल तर कप्पा विचारा.

हिरड्या तपासताना हाताचा जोर हे वेगळंच प्रकरण. प्रोबच्या टोकाला ०.५ मिलिमीटरचा गोळा असतो आणि दाब २० ग्रॅमपेक्षा जास्त नको, आता २० ग्रॅम म्हणजे किती हे हाताला कसं कळणार? युक्ती अशी की प्रोबचं टोक स्वतःच्या अंगठ्याच्या नखाखाली ठेवायचं आणि नखाखालची जागा पांढरी पडेपर्यंत दाबायचं, तेवढाच जोर. दुखलं तर तुम्ही जास्त दाबताय. फील्डवर दुपारनंतर हात जड होतो, तेव्हा मध्येच एकदा करून बघा.

किती जागी मोजायचं हेही मॅन्युअलच ठरवतं, आणि त्याने देशाचा आकडा हलतो. एनहेन्समध्ये आधी अर्ध्याच तोंडाच्या हिरड्या मोजायचे, त्यात आजार कमी दिसायचा. २००९-१० पासून पूर्ण तोंड, प्रत्येक दाताला सहा जागा, अक्कलदाढा सोडून. तेव्हा तिथल्या ३० वर्षांवरच्या ४७.२ टक्के लोकांना पेरिओडोंटायटिस, म्हणजे हिरड्यांचा खोलवर गेलेला आजार, निघाला. तेव्हा जुने-नवे आकडे शेजारी ठेवून आजार वाढला असं ओरडण्याआधी पद्धत बघायची असते.

फील्डवरची दोन-तीन कामं दुय्यम वाटतात पण घोळ तिथेच होतो. उजेड निळसर-पांढरा हवा, पिवळट दिव्यात हिरडीची सूज नीट कळत नाही, आणि सगळ्या टीमकडे सारखाच दिवा हवा. मिरर आणि प्रोब प्रत्येक एक्झामिनरमागे किमान तीस-तीस, म्हणजे काही ऑटोक्लेव्हमध्ये (निर्जंतुक करायच्या यंत्रात) असतानाही काम थांबत नाही. रेकॉर्डर, म्हणजे कोड लिहून घेणारा माणूस, इतका जवळ बसवा की त्याला कोड ऐकू यावा आणि तो काय लिहितोय ते तुम्हाला दिसावं. गोंगाटात "फाइव्ह" आणि "नाइन" सारखेच ऐकू येतात, पाच म्हणजे किडीशिवाय दुसऱ्या कारणाने गेलेला दात आणि नऊ म्हणजे नोंदच नाही, केवढा फरक! रेकॉर्डरने प्रत्येक कोड मोठ्याने परत म्हणायचा हा नियम करून टाका, पहिल्या दिवशी विचित्र वाटतं, मग सवय होते.

कॅलिब्रेशन पास झालात म्हणजे सुटलात असंही नाही. सर्वेक्षण चालू असताना ५ ते १० टक्के माणसं, कमीत कमी पंचवीस, परत तपासली जातात, सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, आणि कोणता माणूस दुसऱ्यांदा आलाय हे शक्यतो तुम्हाला कळू देत नाहीत. ओळखलात तरी आधी काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न करू नका, तुमची नजर सरकलीय का एवढंच बघायचं असतं. आणि सरकते, किडलेली तोंडं सलग बघितली की साधी कीड किरकोळ वाटायला लागते.

समोरच्या माणसाचीही पात्रता असते. हृदयाच्या काही आजारांत दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक लागतं, अशांच्या हिरड्यांत प्रोब घालायचा नसतो, म्हणून आरोग्याचे प्रश्न आधी आणि तपासणी नंतर, घाई असली तरी हा क्रम मोडू नका. तोंडात संशयास्पद व्रण किंवा गाठ दिसली तर कोड लिहून पुढे जायचं नाही, त्याच दिवशी रेफरलची चिठ्ठी द्यायची, त्याची कॉपी फाइलला लावायची.

शेवटचं, मागच्या सर्वेक्षणाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट अर्जाला जरूर जोडा, निवडीत उपयोग होतो, पण त्यावर सूट मिळेल अशी आशा धरू नका. मॅन्युअल नवं, कोड नवे, सोबतचे एक्झामिनर नवे, परत वीस माणसं आणि परत कप्पा. चष्मा लावत असाल तर त्या दिवशी नवीन नंबरचा घेऊन जा.