विरघळणारं म्हणजे हाडाशी जुळणारं नव्हे

पंचवटीतल्या मावशीच्या सुनेला बाळंतपणात विरघळणारे टाके घातले होते. हाड भरून यावं म्हणून पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, नॅनोतंतूंचं (अतिसूक्ष्म धाग्यांचं) जाळं बसवण्यावर संशोधन चाललंय, असं सांगितल्यावर मावशी लगेच म्हणाली, "म्हणजे त्या टाक्यांसारखंच ना रे?"

निम्मं बरोबर होतं. विघटनशील म्हणजे शरीरात हळूहळू झिजून जाणारं. जैवसक्रिय म्हणजे शरीरात असेपर्यंत हाडाशी रासायनिक नातं जोडणारं. जाहिरातींत हे दोन शब्द एकाच दमात येतात, म्हणून गल्लत होते.

निफाडकडच्या द्राक्षबागेत हा फरक लगेच ध्यानात येतो. मांडवाची तार वेलीला तोलून धरते. खतपाणी देते ती ठिबकची नळी. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे पॉलिमर म्हणजे नुसती तार. त्याचं द्रावण सुईतून सोडून दहा-वीस हजार व्होल्टचा विद्युतदाब दिला की केसाहून शंभरपट आणि त्याहीपेक्षा बारीक तंतू निघतात, हाडातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांच्या मापाचे. ते झिजतात, पण पूर्ण जायला दोनेक वर्षं किंवा जास्तही लागतात. शिवाय ते पाणी धरत नाहीत, त्यामुळे पेशीही नीट चिकटत नाहीत.

आता त्यात जैवसक्रिय काचेची पूड मिसळा. ही काच अमेरिकन शास्त्रज्ञ लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये बनवली. तिच्यातून कॅल्शियम आणि सिलिकॉन सुटू लागतं, म्हणजे ठिबक चालू झालं. प्रयोगशाळेत असं जाळं रक्तातल्यासारखे क्षार असलेल्या, 37 अंशांच्या द्रावणात ठेवतात. काही दिवसांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघावं, तर तंतूंवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खडबडीत गोळे धरलेले दिसतात. तो अ‍ॅपेटाइटचा थर, हाडातल्या खनिजाचा सख्खा भाऊ. मला हे दृश्य फार आवडतं. तरी एवढ्यावरून रुग्णाच्या शरीरात हाड वाढेलच असं म्हणता येत नाही.

उलट उदाहरणही आहे. भट्टीत भाजून घट्ट केलेलं, त्याच खनिजकुळातलं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हाडाला पक्कं जुळतं, पण वर्षानुवर्षं जवळजवळ तसंच राहतं.

"मग दोन्ही एकत्रच घाला की," मावशी म्हणाली. खटपट तीच चालली आहे. अवघड आहे ते वेळेचं गणित: हाड धरायच्या आत तार तुटून चालत नाही. पॉलिलॅक्टिक कुळातले काही तंतू काही महिन्यांतच झिजतात आणि झिजताना आम्ल सोडतात, त्याचा आसपासच्या पेशींना त्रास होतो. काचेतून सुटणारे क्षार त्यातलं थोडं आम्ल मारतात.