तेलविहिरीचं पाणी आणि चक्क्याचं फडकं

बडोद्याहून सुरतेकडे निघालं की भरूच येतं, नर्मदेचा पूल ओलांडला की अंकलेश्वर, घरापासून जेमतेम ऐंशी किलोमीटर. तिथे १९६० मध्ये तेल सापडलं हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं, कोयलीची रिफायनरी तर बडोद्याला लागूनच आहे. पण तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर पाणीही येतं, आणि जुन्या विहिरीतून तर पाणीच जास्त येतं, हे मला फार उशिरा कळलं. जगभरचा ढोबळ हिशेब धरला तर एका बॅरल तेलामागे तीनेक बॅरल पाणी (बॅरल म्हणजे १५९ लिटर), आणि विहीर म्हातारी झाली की वर आलेल्या १०० लिटरमध्ये ९० लिटरच्या वर पाणीच असू शकतं.

हे पाणी लाखो-करोडो वर्षं खडकात तेलाशेजारी मुरलेलं असतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, काही विहिरींच्या पाण्यात त्याहून कमी तर काहींमध्ये त्याच्या कितीतरी पट. शिवाय बारीक रेती, लोह, कुठे सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड, पाइप गंजू नयेत म्हणून घातलेली केमिकल्स, आणि अर्थातच तेल.

आता तेल काय पाण्यावर तरंगतं, काढून घ्या वरच्यावर, असं वाटतं ना? मोठ्या थेंबांचं तसंच होतं, कटाच्या आमटीवर तवंग येतो तसं. पण पंपातून, व्हॉल्व्हमधून ढवळून निघताना तेलाचे इतके बारीक थेंब होतात की ते वर यायचं नावच घेत नाहीत. थेंबाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा वर यायचा वेग शंभरपट कमी होतो. त्यामुळे संथ टाक्या, पाणी गरगर फिरवणारे हायड्रोसायक्लोन, बुडबुडे सोडून तेल वर आणणारी यंत्रं, हे सगळं वापरूनही साधारण १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचे थेंब बरेचसे पाण्यातच राहतात. आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत लागतं.

इथे मेम्ब्रेन येतं. मेम्ब्रेन म्हणजे अतिशय बारीक भोकांचा पडदा. आपला केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड, आणि या कामाच्या पडद्याची, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनची, भोकं ०.१ मायक्रॉनपासून ०.०१ मायक्रॉनपर्यंत. थेंब अडतात, पाणी जातं. ऐकायला एकदम सोपं.

पण घरी श्रीखंडासाठी चक्का टांगून बघा. दही फडक्यात बांधलं की पहिली दहा मिनिटं पाण्याची धार लागते, मग थेंब थेंब, मग तेही बंद होत जातं, कारण फडक्याला आतून दह्याचा थर बसलेला असतो आणि आता पाण्याला आधी त्या थरातून वाट काढायची असते. घाई करून पुरचुंडी जोरात दाबली तर पाण्याऐवजी दहीच बाहेर येतं. मेम्ब्रेनचं दुखणं हेच, त्याला फाउलिंग म्हणतात. तेलाचा थेंब तर मऊ असतो, प्रेशर वाढवलं की लांबुडका होऊन भोकातून पलीकडे निसटतो. माझ्या मते या विषयात भोक किती बारीक यापेक्षा ते उघडं कसं ठेवायचं हाच खरा प्रश्न आहे.

म्हणून पाणी पडद्यावर सरळ ढकलत नाहीत, पडद्याला घासून वेगाने वाहू देतात, म्हणजे थर बसायच्या आधीच बराचसा पुढे वाहून जातो. मधूनमधून उलट्या बाजूने पाण्याचा झटका देतात. तरी चिकटलंच तर कॉस्टिक सोड्याने तेल आणि अ‍ॅसिडने क्षार धुवून काढतात. हे सगळं वारंवार सोसायला प्लास्टिकच्या पडद्यापेक्षा अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकॉन कार्बाइडचे सिरॅमिक पडदे बरे पडतात, गरम पाणीही चालतं, पण महाग असतात. अजून एक सुंदर युक्ती माशाकडून आली आहे: पाण्यात असताना माशाचे खवले पाण्याचा पातळ थर धरून ठेवतात म्हणून त्यांना तेल चिकटत नाही, तशीच पाणी ओढून धरणारी पडद्याची पृष्ठं बनवायचं संशोधन चालू आहे.

मीठ मात्र यातून आरपार जातं. त्याला घरच्यासारखं आरओ लागतं, फक्त प्रेशर भयंकर, खारट पाणी पडद्यापलीकडचं गोडं पाणी उलट आपल्याकडे ओढत असतं, आणि समुद्राएवढ्या खारट पाण्याच्या त्या ओढीच्या नुसतं बरोबरीला यायलाच २७ बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढं). त्याहून खूप खारट असेल तर साधं आरओ हात टेकतं, आणि उरलेलं आणखी खारट पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून बऱ्याच ठिकाणी मीठ काढायच्या भानगडीत न पडता फक्त तेल आणि गाळ काढून पाणी परत त्याच खडकात सोडतात, म्हणजे खालचं प्रेशर टिकतं आणि अडलेलं तेल विहिरीकडे सरकतं, वर गोडं पाणी वाचतं ते वेगळंच. पण त्यासाठीही पाणी नीट गाळावंच लागतं, कारण तेल असतं तो खडकसुद्धा सच्छिद्रच, त्या फडक्यासारखा, आणि एकदा तुंबला की जमिनीखाली हजार-दोन हजार मीटरवरून तो काढून धुता येत नाही.